आपली माणसं आली

३ ऑक्टोबर. १५०/९५

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज सकाळी रक्तदाब मोजा आणि वहीत लिहा. नुसते आकडे लिहायला मी काय विजेचे मीटर तपासणारा आहे? म्हणून चार ओळी जास्तीच्या. तीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. डेअरी बंद पडली, तेव्हापासून नऊ आसनी गाडीतून माणसं वाहतो. लुब्लिनच्या हॉटेलातून उचलायचं, बेल्झेत्सच्या नाझी मृत्यूछावणीचं स्मारक दाखवायचं, संध्याकाळी परत सोडायचं. दूध बरं होतं. दूध प्रश्न विचारत नाही.

मोठ्या बसवाले पन्नास-पन्नास माणसं आणून ओततात आणि तासाभरात पुन्हा भरून नेतात. माझं तसं नाही. माझी सहल खासगी. स्मारकावरून परतताना मी माझ्या घरी, ओल्शीना गावात, आईच्या हातचं जेवायला घालतो. जेवण उरकत आलं की वालेंती आजोबांची गोष्ट सांगतो. बेचाळीसच्या हिवाळ्यात आजोबांनी एक ज्यू पोर घरात लपवली, पाच महिने सांभाळली. वसंतात तिला न्यायला माणसं आली. आजोबांचं वाक्य आई अजून जसंच्या तसं म्हणते: "आपली माणसं आली आणि घेऊन गेली." आपली म्हणजे पोरीची. इंग्रजीत मी सरळ 'तिची माणसं' म्हणतो, नाहीतर पाहुण्यांचा गोंधळ होतो. बहुतेक जण इथे रडतात. दिवसभर राख बघून आलेल्या माणसाला एक तरी पोर वाचलेली हवी असते, आणि ती माझ्याकडे मिळते.

५ ऑक्टोबर. १५८/९५

आज दाब वाढलाय तो आनंदानं.

इस्रायलमधल्या हायफाहून एका बाईंची मेल आली. तामार गोलान, वय सदुसष्ट. एकट्याच येणार आहेत. पोलिश येतं, आईकडून शिकलेलं, जुन्या वळणाचं. बेल्झेत्स बघायचंय आणि नंतर "ओल्शीना नावाचं गाव, अजून असेल तर". अजून असेल तर! अहो बाई, मी तिथेच बसून तुमची मेल वाचतोय.

त्यांच्या आईचं नाव हेना. आईवडील आणि भावांना आगगाडीत घालून बेल्झेत्सला नेलं तेव्हा हेना तेरा वर्षांची होती. सात वर्षांच्या धाकट्या बहिणीला, रोझियाला, तिनं ओल्शीनाच्या शेवटच्या घरात ठेवलं आणि स्वतः खोट्या कागदांवर मोलकरीण म्हणून निघून गेली. मावशीचं पुढे काय झालं ते तामारबाईंना शोधायचंय.

शेवटचं घर आमचंच. आमच्यापुढे तेव्हा नुसतं जंगल होतं.

एवढी वर्षं गोष्ट सांगतोय, आता गोष्टीतलं माणूस चालत घरी येणार! सरपंचाकडे धावत गेलो. लुत्सियान माझ्या वर्गातला, आमच्या शाळेत आजोबांच्या नावाची पाटी लावायचं त्याच्याच डोक्यातून निघालं. वसंतात समारंभ आहे. त्याला म्हटलं, "अरे, खुद्द भाचीच्या हातून पडदा बाजूला करू!" तो कुंपणाला रंग देत होता. म्हणाला, "बघू." या माणसाला कशाचं म्हणून कौतुक नाही.

९ ऑक्टोबर. १४८/९०

आज आईला सांगितलं. आई शहाऐंशीची. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. बटाटे सोलत होती.

"रोझियाची भाची येतेय, आई. आपल्याकडे जेवायला."

आईच्या हातातला बटाटा परातीत पडला. म्हणाली, "इथे नको आणूस."

"का?"

"मला दमायला होतं."

गेल्या महिन्यात सात ऑस्ट्रेलियन जेवून गेले तेव्हा दमली नव्हती. म्हातारपणी माणसं लहरी होतात, दुसरं काय. मी म्हटलं, नुसतं बीटचं सूप आणि बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या कर, मांस नको, बाई खात नसतील. आणि नावाचं कोडं वेगळंच. रोझिया हे नाव तिला मी आजवर सांगितलं नव्हतं, मलाच परवा कळलं. तिनं विचारलंही नाही, कोण रोझिया म्हणून.

१४ ऑक्टोबर

मोजायला वेळ नाही मिळाला. पहाटेच निघालो.

तामारबाई बुटक्या, केस पांढरे आणि कापलेले, पायात चालायचे भक्कम बूट. गाडीत पुढे बसल्या. पाहुणे सहसा मागे बसतात.

स्मारकावर माझं नेहमीचं सुरू झालं. किती महिने, किती माणसं, गाड्या कुठून यायच्या. दहा मिनिटांनी म्हणाल्या, "झेनोनराव, जरा गप्प राहाल?" आजवर कोणी असं म्हटलं नव्हतं. राग आला. मग वाटलं, यांना कशाला आकडे सांगायचे, यांच्या घरातलेच आहेत ते. त्या काळ्या ढेकळांच्या शेतामधून खाली जाणाऱ्या वाटेनं आम्ही न बोलता चाललो. शेवटी भिंत आहे, तिच्यावर नुसती पहिली नावं कोरलीत. त्यांनी एक नाव शोधलं, रोझा. रोझियाचं पूर्ण नाव तेच. हात टेकवला आणि लगेच काढून घेतला. "ही दुसरी कुणी असेल."

ज्यू लोक थडग्यावर फुलांऐवजी खडा ठेवतात. बाईंच्या पिशवीत सहा खडे होते, हायफात आईच्या थडग्यावरून आणलेले. आजी, आजोबा, तीन मामा असे पाच ठेवले. सहावा परत खिशात.

"हा रोझियाचा. ठेवायचा नाही. ती इथे नाही."

गाडीत बसल्यावर त्यांनी जे सांगितलं ते जसं आठवतंय तसं लिहून ठेवतो. पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात हेना पायी ओल्शीनाला आली. दारात एक मुलगी उभी होती. तिनं सांगितलं, आपली माणसं आली आणि घेऊन गेली. हेना त्या वाक्यावर बावन्न वर्षं जगली. आपली म्हणजे ज्यू, म्हणजे रोझिया जिवंत आहे. अनाथाश्रमांच्या याद्या, बोटींच्या याद्या, वर्तमानपत्रांत जाहिराती. हायफाच्या बाजारात तिच्या वयाची बाई दिसली की पाठलाग करायची. एकदा पोलिसांत तक्रार झाली. लग्न झालं, मुलगी झाली, पण तामारबाई म्हणाल्या, "माझ्या आईच्या घरी मी पाहुणीच होते. रोझियाचं ताट मांडलेलं असायचं." मरताना त्यांच्याकडून वचन घेतलं. आता त्या शोधतात. थुंकी तपासून नातलग शोधून देतात, तेही करून झालंय.

"एकच कळत नाही मला," त्या म्हणाल्या. "वसंतात इथे आमच्यातलं कुणी उरलंच नव्हतं. मग आलं कोण?"

"जंगलात होते की काही," मी म्हणालो.

"आईही हेच म्हणायची!" त्यांचा चेहरा उजळला. मलाही बरं वाटलं.

घरी आल्यावर बाई सरळ आईपुढे वाकल्या आणि तिच्या हाताचं चुंबन घेतलं. आईनं हात असा ओढला की जणू चटका बसला. जेवताना मी गोष्ट सांगितली, या खेपेला पोलिशमध्ये, आजोबांच्याच शब्दांत. तामारबाई ओठ हलवत माझ्याबरोबर ते वाक्य म्हणत होत्या. त्यांनी खडा टेबलावर ठेवला आणि आईला सांगितलं की मावशी कुठे संपली ते कळेल त्या दिवशी तो तिथे ठेवायचाय, नाहीतर जिवंत भेटली तर समुद्रात फेकायचाय.

मी मुरंबा वाढला. आमच्या घरामागच्या नासपतीचा, पाहुण्यांचा आवडता. आईनं बाईंपुढची वाटीच उचलली. "ते तुला नको, पोरी." लाजेनं मला मेल्यासारखं झालं. आई स्वतः ती फळं खात नाही, पोटाला बाधतात म्हणते, पण दुसऱ्याच्या ताटातलं काढून घ्यायचं?

भरपाई म्हणून बाईंना मागे नेलं. हेनानं त्यांना त्या झाडाचं सांगितलं होतं. मी फोटो काढला. "अजून मागे सरका. अजून. खोडाला टेका. आता हसा." खिडकीतून आई ओरडली, "तिथे उभी करू नकोस तिला!" गवत ओलं होतं, खरंय, पण बाईंचे बूट भक्कम होते.

वॉर्साची गाडी गाठायची म्हणून घाईत निघाल्या. निघताना मला म्हणाल्या, "तुमच्या आजोबांमुळे तिला निदान आपली माणसं मिळाली." मी मान डोलावली.

१५ ऑक्टोबर. १७८/११०

बाकीचंही लिहितो.

बाई खडा टेबलावर विसरल्या होत्या हे आठवत होतं, पण सकाळी पाहिलं तर टेबल रिकामं.

"आई, इथला खडा?"

"ठेवला नेऊन."

"कुठे?"

"ती ठेवायचा म्हणत होती तिथे."

खिडकीतून दिसत होतं. नासपतीच्या बुंध्यापाशी गवत साफ केलेलं आणि मधोमध तो खडा. तिथेच आई दर वर्षी एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, मेलेल्यांसाठी लावतात तशी मेणबत्ती लावते. मी लहानपणापासून धरून चाललोय की माझ्या आधी एक बाळ जन्मून गेलं असेल, बाप्तिस्म्याविना, म्हणून दफनभूमीत जागा मिळाली नसेल. असल्या गोष्टी कोणी आईला विचारत नाही. आज विचारलं.

"माझं कुठलं बाळ?" आई म्हणाली. "तू पहिला आणि तूच शेवटचा."

"मग मेणबत्ती कोणाला?"

तिनं चाकू खाली ठेवला. "सांगितलंय की तुला. आपली माणसं आली आणि घेऊन गेली."

"कोण आपली?"

"आपली रे. आपल्या गावची. लुत्सियानचा आजा, तेव्हा तोच सरपंच. गिरणीवाला. पहाऱ्यावरचे दोघे."

"आणि जर्मन?"

"जर्मन कशाला? त्या आठवड्यात ते गावात फिरकलेसुद्धा नाहीत. कोणीतरी बोललं, लपवल्याचं कळलं तर सगळं गाव जाळतील. मग आले सगळे मिळून."

"कुठे घेऊन गेले?"

"नासपतीपर्यंत."

मी विचारलं, आजोबा कुठे होते.

"दार कोणी उघडलं मग? फावडं आपलंच होतं." "पाच महिने तिला स्वतःच्या ताटातलं भरवलं त्यांनी. मग दार उघडलं. दोन्ही केलं. तू एकच सांगतोस."

पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात दारात उभी असलेली मुलगी म्हणजे आई. तेरा वर्षांची. आजोबांनी पढवलेलं वाक्य तिनं म्हटलं. "ती आनंदानं रडली रे. मला मिठी मारली. तिच्या अंगाला साबणाचा वास होता. मला वाटलं, आत्ता सांगावं. बाबा मागे उभे होते."

मी ओरडलो. शहाऐंशी वर्षांच्या बाईवर ओरडलो, की मला का नाही सांगितलंस, एवढी वर्षं, एवढ्या लोकांपुढे मला हे बोलू दिलंस!

"दर वेळी हेच सांगितलं," ती म्हणाली. "तू ऐकलंस वेगळं."

२२ ऑक्टोबर. १६५/१००

मधले दिवस मोजलं, लिहिलं नाही.

तामारबाईंची मेल. माझ्याबद्दल सहलींच्या पानावर त्यांनी लिहिलंय: एवढा प्रामाणिक माणूस मला पोलंडमध्ये भेटला नाही. पाच तारे. फोटो मागितलाय, झाडाखालचा. "माझा खडा तुमच्याकडे राहिला, फेकू नका. शोध चालूच आहे. तुमच्या आईंनी आजोबांचं वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलंय म्हटल्यावर मला नवा धीर आलाय."

फोटो पाठवला. काय करणार होतो? न पाठवायला कारण द्यावं लागलं असतं. पाठवण्याआधी पाहिला. बाई खोडाला टेकून हसताहेत. त्यांच्या डाव्या बुटाच्या जवळ ती मेणबत्तीची जागा.

२५ ऑक्टोबर. १६०/१००

लुत्सियानकडे गेलो. म्हटलं, पाटीचं जरा थांबवू, आईनं वेगळंच काही सांगितलं. त्यानं काय ते विचारलं नाही. एवढ्यावरूनच कळायला हवं होतं मला.

"झेनेक," तो म्हणाला, "जुनं उकरू नकोस. उकरायचं झालं तर तुझ्याच अंगणात उकरावं लागेल."

म्हणजे ठाऊक आहे. त्याला आहे, गिरणीवाल्याच्या नातवाला असणार, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना असणार. मी पाहुण्यांना घेऊन गावातून गाडी हळू चालवत यायचो, बघा, हे आमचं गाव, आणि ते कुंपणावरून हात हलवायचे. त्यांच्यात मीच एक येडा होतो. मला वाटायचं, आजोबांच्या नावाचा त्यांना हेवा वाटतो.

"समारंभ होईल," लुत्सियान म्हणाला. "मुलांनी गाणं बसवलंय."

१ नोव्हेंबर. १५५/९५

सगळं गाव दफनभूमीत. आजोबांच्या थडग्यावर शेवंतीची कुंडी ठेवली. प्रार्थना करायला गेलो, शब्द आले, पण कोणासाठी म्हणतोय ते कळेना.

त्या सकाळी खडा ठेवून आल्यापासून आईला मागच्या पायऱ्या उतरवेनात. नासपतीपाशी मेणबत्ती मीच लावली. वारा होता, तीन काड्या गेल्या. खडा तिथेच आहे. साठ वर्षं या झाडाची फळं खाल्ली मी. लेकीनं, किंगानंही खाल्ली, ती तर झाडावर चढून खायची.

आई खिडकीत बसून बघत होती. आत आलो तर म्हणाली, "तिला कळव."

"कळवतो."

"मी मेल्यावर नको. मी असताना. म्हणजे तिला मला विचारता येईल. शिव्या द्यायच्या तर समोर देता येतील."

"कळवतो म्हटलं ना."

"ती अजून वाट बघतेय, झेनेक. मी त्या दारात वाट बघायला लावली तिच्या आईला. आता पुरे."

४ नोव्हेंबर. १६२/१००

चार वेळा लिहायला बसलो. 'आदरणीय तामारबाई' इथपर्यंत चारही वेळा छान जमतं.

पुढे काय लिहू? की तुमच्या आईनं बावन्न वर्षं शोधलं ते एका शब्दाचा अर्थ चुकला म्हणून? चुकला नाही, चुकवला. मग किंगा विचारेल. मग शाळा. मग या बाई येतील, बरोबर कोणी येतील, खणतील. आईला टीव्हीवाले विचारतील, तू काय पाहिलंस? आणि मी कुठलं तोंड घेऊन गाडी चालवू? बाईंना त्रास होऊ नये म्हणूनही थांबावं असं वाटतं. या वयात आशा काढून घेणं बरं नाही. हे वाक्य लिहिलं आणि वाचलं. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर त्याच्या थोबाडीत मारली असती.

तरी ते खोडत नाही. शोधत असताना त्या निदान प्रवास तरी करतात.

७ नोव्हेंबर. १७०/१०५

दुपारी फोनवर संदेश आला.

"झेनोनराव! ब्युनोस आयर्समध्ये एक रोझा आहे. त्र्याऐंशी वर्षांची, लहानपणी पोलंडहून नेलेली, आईवडिलांचं नाव ठाऊक नाही. तिच्या मुलाशी बोलले. जानेवारीत जातेय. माझा मुलगा म्हणतोय खर्च कर, पण आशा करू नकोस. मी आशाच करतेय. आई असती तर! तो खडा अजून आहे का हो? असला तर जपा, बेत बदललाय, समुद्रातच फेकणार!"

दोन तास फोन हातात धरून बसलो. नंतर लिहिलं: "खडा त्याच्या जागेवर आहे."

यात एक अक्षर खोटं नाही. त्यांनी विचारायला हवं होतं, कुठल्या जागेवर? विचारलं असतं तर सगळं सांगितलं असतं. आईची शपथ, सांगितलं असतं. मी फोन टेबलावर उपडा न ठेवता उताणा ठेवला, म्हणजे लगेच दिसेल.

अर्ध्या तासानं उत्तर आलं. शब्द नव्हता. वर केलेला अंगठा होता.

आतल्या खोलीतून आईनं विचारलं, "कळवलंस?"

"कळवलं."

"काय म्हणाली?"

"बरं म्हणाली."

आई रडायला लागली. मी आजवर तिला असं रडताना पाहिलं नव्हतं, बाबा गेले तेव्हाही नाही. हलकं वाटतंय, म्हणाली. माझा हात धरून बराच वेळ बसली आणि मग म्हणाली, आता ती आली की मी स्वतः तिला मागे घेऊन जाईन, गुडघे गेले तरी जाईन.

८ नोव्हेंबर. १२५/८०

दोनदा मोजला. झोप शांत लागली. डॉक्टरीणबाई खूश होतील.

उद्या कॅनडाचे चार जण आहेत, घरी जेवणार. मुरंब्याची एकच बरणी उरलीय.